हवेला बोल लावण्याआधी स्क्रू बघा

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या पुतणीचे एअर रायफलचे फटके भरकटायला लागले. आधी मिलिमीटरभर, मग दोन, मग सरळ टार्गेटवरच्या नऊच्या रेघेबाहेर. देवगडात पाऊस असा लागला होता की कपाटातल्या चपलांवर बुरशी धरली होती, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाकडे कारण तयार होतं. सासूबाई म्हणाल्या, हवा जड झालीय. नवरा म्हणाला, दमट हवेत छर्रा अडतो. पुतणी रडकुंडीला येऊन म्हणाली, "काकी, बंदूक बिघडली गो."

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, हे दर वर्षी फळ्यावर लिहिते. पाण्याचा रेणू १८, नायट्रोजनचा २८, ऑक्सिजनचा ३२. जड रेणूंच्या जागी हलके आले की हवा हलकीच होणार. तीस अंशांना हवा पाण्याने पूर्ण भरलेली असली तरी कोरड्या हवेपेक्षा तिची घनता दीड टक्क्याच्या आसपास कमी भरते, आणि दहा मीटरवर त्याचा परिणाम मोजतासुद्धा येत नाही. एवढं ठाऊक असून मीही त्या आठवड्यात साइटचे, म्हणजे नेम धरायच्या भागाच्या फिरकीचे, चौदा क्लिक इकडे-तिकडे फिरवले, आणि कुठेही लिहून ठेवले नाहीत.

शेवटी निघालं काय, तर मागच्या साइटच्या बुडाचा स्क्रू पाव फेरा सैल. बोटाने ढकललं की साइट डुगडुगायची.

समुद्राकाठी एअर रायफल घेऊन बसलेल्या कुणाचे तरी चौदा क्लिक वाचावेत म्हणून आम्ही आता काम कसं करतो ते सांगते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलण्याआधी वहीत लिहायची, हा नियम पुतणीने शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवलाय. माझ्यासाठी.

शेड

आमची रेंज म्हणजे सासऱ्यांची आंब्याची पॅकिंग शेड. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, लांबी चौदा मीटर. मार्च ते मे तिथे हापूसच्या पेट्या आणि पेंढा. उरलेले नऊ महिने आमचे. फायरिंग लाइनपासून टार्गेटपर्यंत दहा मीटर, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर. टार्गेटमागे लाकडी पेटी, आत जाड लोखंडी पत्रा तिरका बसवलेला आणि तळाला वाळू, म्हणजे छर्रा पत्र्यावर आपटून खाली पडतो. बाजूच्या दाराला आतून कडी घातल्याशिवाय पहिला फटका नाही. मांजर आत असेल तरी नाही.

रायफलला पाना लावण्याआधी दाबलेल्या हवेचा सिलिंडर काढलेला, लिव्हर उघडी, बॅरलमधून सेफ्टीची दोरी आरपार. घरी एकटीच असले तरी हे चुकवत नाही. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊच्या डब्याला हात लावायचा नाही.

कायद्याचं एवढंच: ४.५ मिमी बोअरच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल आठ जूलच्या आसपास असते. काडतुसाच्या .२२ रायफलची गोष्ट वेगळी, तिला परवाना लागतो. ती आमच्या घरी नाही.

एका काचेच्या कौलाने मला महिनाभर छळलं तेही सांगून टाकते. सकाळी दहाच्या सुमारास त्यातून उन्हाचा कवडसा नेमका पुढच्या साइटवर पडायचा आणि फटके एका बाजूला जायचे. अकराला पुन्हा नीट. मी रायफल खोलून बघत होते. नवऱ्याने कौलावर गोणपाट टाकलं आणि विषय संपला.

छर्रा किती पडतो

आकडे डोक्यात असले की घाबरायला होत नाही. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि प्रत्येक कडं आधीच्यापेक्षा अडीच मिलिमीटर बाहेर. आता गुण दशांशात मोजतात, सर्वोत्तम फटका १०.९ चा. म्हणजे एक दशांश गुण म्हणजे पाव मिलिमीटर. झिरो, म्हणजे साइट जुळवलेली जागा, अर्धा मिलिमीटर चुकलेला असेल तर वाईटात वाईट धरून फटक्याला ०.२ जातात, साठ फटक्यांना १२. इतक्या फरकात फायनल सोडाच, तुमचं नाव यादीच्या दुसऱ्या पानावर जातं.

स्पर्धेचा चपट्या तोंडाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. तो सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेगाने सुटतो आणि दहा मीटर जायला सेकंदाचा सतरावा-अठरावा भाग घेतो. तेवढ्यात तो सोळा-सतरा मिलिमीटर खाली पडतो. हे पडणं साइटमध्ये धरलेलंच असतं, त्याची काळजी नाही. काळजी वेग बदलण्याची. एक छर्रा १७१ ने गेला आणि पुढचा १७७ ने, तर दोघांच्या उंचीत मिलिमीटरभराचा फरक पडतो. तुम्ही दोन्ही वेळा अगदी सारखं धरलं असलं तरी.

म्हणून कुणाकडून तरी क्रोनोग्राफ, म्हणजे छर्र्याचा वेग मोजणारं यंत्र, मागून आणा. विकत घ्यायची गरज नाही, वर्षातून दोनदा लागतो. सिलिंडर भरलेला असताना सलग तीस फटके, प्रत्येकाचा वेग वहीत. सरासरीकडे फार बघू नका. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांतलं अंतर बघा. आमच्या रायफलचं अंतर सहा होतं. रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक फटक्याला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, तपासून आणल्यावर तीनवर आलं. रेग्युलेटर मात्र घरी उघडायचा नाही. आमचे दीर बोटींची डिझेल इंजिनं डोळे मिटून खोलतात, पण दोनशे बारच्या हवेपुढे त्यांनीही हात जोडले.

आणखी एक: तीसमधले पहिले दोन-तीन वेग वेगळे आले आणि मग घडी बसली, तर सामन्यात साइटिंगच्या, म्हणजे गुण न धरता नेम जुळवायच्या, वेळेत आधी तेवढे फटके मारून घ्यायचे. ही रायफलची सवय आहे, बिघाड नव्हे.

दमट हवा खरी कुठे नडते

सिलिंडरमध्ये.

हातपंपाने हवा भरत असाल तर हे गणित करून बघा. सिलिंडर अंदाजे २०० घन सेंटिमीटरचा, त्यात २०० बारने हवा, म्हणजे बाहेरची ४० लिटर हवा आत कोंबली. तीस अंशांना आणि ऐंशी टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत चोवीसेक ग्रॅम वाफ असते. चाळीस लिटरांत आली एक ग्रॅम. दोनशे पट दाबल्यावर ती वाफ वाफ राहत नाही, तिचं पाणी होतं. काही पंपातच साठतं, काही गाळणीत अडतं, उरलेलं तुमच्या सिलिंडरमध्ये आणि तिथून रेग्युलेटरमध्ये. आठवड्याला दोनदा भरा, पावसाचे चार महिने भरा, आणि मग आतल्या गंजाला खाऱ्या हवेचं नाव द्या.

आम्ही पंप माळ्यावर टाकला. मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगवाले आहेत, त्यांचे कॉम्प्रेसर माणसाच्या फुप्फुसांसाठी असतात; हवा गाळून, कोरडी करून भरतात. तिथून मोठी टाकी भरून आणायची आणि योग्य ॲडॅप्टर लावून त्यातून रायफलचा सिलिंडर. घाई केली तर सिलिंडर हाताला चटका देतो; गरम हवेचा दाब २०० दिसतो आणि गार झाल्यावर काटा खाली येतो. म्हणून झडप अगदी थोडी उघडून सावकाश भरा. जोडाला तेल किंवा ग्रीस लावायचा मोह आवरा. दाबलेली हवा आणि खनिज तेल यांची गाठ पडली की भडका उडू शकतो. सीलला लागलंच तर सिलिकॉनचं ग्रीस, तेही कंपनीने सांगितलेलं.

भरलेला सिलिंडर गाडीत उन्हात ठेवू नका. तीस अंशांना २०० बार असलेला दाब साठ अंशांना २२० होतो, आणि मे महिन्यात बंद गाडीत साठ अंश व्हायला कुणाची परवानगी लागत नाही. सिलिंडरवर छापलेली तारीखही बघून घ्या. आंतरराष्ट्रीय नियमांत दहा वर्षांपुढचा सिलिंडर चालत नाही. सेकंडहँड घेताना हे कुणी आपणहून सांगत नाही. आम्हाला नाही सांगितलं.

लाकूड आणि स्क्रू

आमची रायफल जुनी, लाकडी दस्त्याची. ॲल्युमिनियमच्या दस्त्याला हा त्रास जवळजवळ नाही, त्यामुळे तसा असेल तर हा भाग वगळून पुढे जा. लाकूड मृगात फुगायला लागतं आणि दिवाळीनंतर कोरडा वारा सुटला की आक्रसतं. दाराच्या फळ्या पावसात अडकतात आणि थंडीत खडखडतात, तेच इथे. फरक एवढाच की दार अडकलं तर आपण लाथ घालतो.

पहिल्या वर्षी मी काय केलं? श्रावणात ग्रुप, म्हणजे फटक्यांचा झुबका, सुटला म्हणून दस्त्याचे दोन्ही स्क्रू हाताने, ॲलन कीने, "नीट" आवळले. फुगलेलं लाकूड आणखी दाबलं गेलं. नोव्हेंबरात ते आक्रसलं आणि स्क्रू सैल पडले. दहा फटक्यांचा ग्रुप बाहेरून बाहेर बारा मिलिमीटर. दिरांनी दस्ता हातात घेऊन कानाशी हलवला आणि म्हणाले, "वैनी, ह्यो स्क्रू हातान आवळूचो नसता." इंजिनाच्या हेडचे बोल्ट ते कसे आवळतात ते त्यांनी मला शेडमध्ये उभं करून दाखवलं: एक थोडा, दुसरा थोडा, पुन्हा पहिला, आणि शेवटचा जोर टॉर्क पान्याने. त्यांचा पाना मात्र इथे चालला नाही, तो ट्रॉलरच्या इंजिनाचा. सायकलवाले वापरतात तसला छोटा, एक ते सहा न्यूटन-मीटरचा पाना मागवला.

किती जोर लावायचा? आधी रायफलच्या पुस्तिकेत बघा. तिथे आकडा असेल तर तोच धरा. नसेल तर खालून सुरुवात करा. आम्ही तीन न्यूटन-मीटरवर सुरुवात केली, वीस फटके मारले, मग साडेतीन, मग चार, साडेचार, पाच. प्रत्येक वेळी वीस, सगळे टेकून, एकाच डब्यातले छर्रे. चारला ग्रुप आवळला, साडेचारला तसाच राहिला, पाचला पुन्हा उभा पसरला. आम्ही चारच्या किंचित वर थांबलो. अगदी टोकावरचा आकडा घेऊ नका. लाकूड थोडं इकडे-तिकडे झालं की घसराल. जिथे दोन आकड्यांना सारखाच ग्रुप येतो, त्यांच्या मधे राहा.

जागा ठरली की स्क्रूच्या डोक्यापासून दस्त्यापर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. पुतणीने मोरपंखी रंग निवडलाय. रोज सकाळी रेघ जुळते का एवढंच बघायचं, पाना लावायचा नाही. मागच्या साइटचा स्क्रू, पुढच्या साइटच्या बोगद्याचा (नळीचा) स्क्रू, खांद्याला टेकणारी बट प्लेट, गालाला टेकणारा चीक पीस, सगळ्यांना रेघा. जुलैत ही एक रेघ असती तर माझे चौदा क्लिक वाचले असते.

एक परीक्षा दिरांच्या डोक्यातून निघाली आणि मला ती फार आवडते. वर्कशॉपमध्ये एक मेलेला इंजिन ब्लॉक पडला होता, दोन माणसांना न उचलणारा. तो शेडमध्ये आणून त्यावर त्यांनी चामड्याचं अस्तर लावलेला क्लॅम्प बसवला. दस्ता पूर्ण काढायचा, नुसती बॅरल आणि ॲक्शन (छर्रा भरायचा-सोडायचा यांत्रिक भाग) क्लॅम्पमध्ये धरायची आणि फटके मारायचे. इथे ग्रुप छान आला आणि दस्ता चढवल्यावर बिघडला तर दोष दस्त्यात. दस्त्यासकट टेकून छान आणि खांद्यावर वाईट, तर दोष रायफलीबाहेर उभा आहे. त्याला चहा द्या आणि उद्या या म्हणा.

गंजाबद्दल थोडक्यात. घामाचा हात लोखंडाला खाऱ्या वाऱ्याइतकाच वाईट. सराव झाला की बाहेरचे लोखंडी भाग कोरड्या फडक्याने, मग तेलाच्या किंचित ओल्या फडक्याने पुसायचे. बॅरलच्या आत आणि हवेच्या वाटेत तेल नाही. केसच्या आतला फोम पाणी धरून ठेवतो, तेव्हा रात्री रायफल केसमध्ये बंद करून ठेवू नका. कुलपाच्या कपाटात उभी ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पिशव्या. निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर कोरड्या करायच्या, पण तो तवा पुन्हा भाकरीला नाही.

छर्रे निवडणं

छर्र्यांच्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, ते डोक्याच्या व्यासाचे. कोणता चांगला हे तुमची बॅरल ठरवते, शेजाऱ्याची नाही. त्याच कंपनीचा तोच आकडा पण वेगळी बॅच, तर निकाल वेगळा येऊ शकतो. म्हणून चार-पाच प्रकारांचे एकेक डबे आणायचे आणि क्लॅम्पमधून मारून बघायचे.

इथे लोक स्वतःला फसवतात, आणि मी पण फसले आहे. पाच फटके मारले, एक सुंदर भोक पडलं, लगेच तो डबा "आपला". एकाच डब्यातून मी पाच-पाचचे दहा ग्रुप मारले तेव्हा सगळ्यात लहान बाहेरून बाहेर ५.४ मिमी आला आणि सगळ्यात मोठा ७.९. छर्रे तेच, क्लॅम्प तोच, दुपार तीच. पहिला ग्रुप बघून थांबले असते तर हा डबा सोन्याचा ठरला असता, शेवटचा बघून थांबले असते तर भंगार. प्रत्येक प्रकाराचे निदान तीस फटके मारा. मोजताना बाहेरच्या मापातून ४.५ वजा करा, म्हणजे केंद्रापासून केंद्राचं अंतर मिळतं.

दोन प्रकार सारखेच निघाले तर जो बाजारात पुढच्या वर्षीही मिळेल तो घ्या, आणि त्याच बॅचचे जमतील तेवढे डबे एकदम घेऊन ठेवा. डबे घट्ट झाकणाच्या बरणीत. आमच्याकडे उघडे राहिलेले छर्रे एका पावसात पांढुरके होतात, ती शिशावरची भुकटी. तसले छर्रे सरावालाही नकोत.

ट्रिगर, वजनं, बट प्लेट यांवर तासन्‌तास गजाली चालतात. मी एवढंच म्हणेन की रायफल साडेपाच किलोच्या आत ठेवा, कारण नियम तसा आहे, आणि ट्रिगर इतका हलका करू नका की बोट ठेवताच सुटेल. पुतणीचा ९० ग्रॅमवर आहे. तिला ७० हवा होता. दोन आठवडे देऊन बघितला, तिने स्वतःच परत आणून दिला.

घाटावरची .२२

पन्नास मीटरसाठी आम्ही पुण्याला बालेवाडीला जातो. फोंडा घाट चढून राधानगरीवरून गाडी जाते, आणि त्या तालुक्यातून जाताना पुतणी दर वेळी खिडकीशी बसते. स्वप्निल कुसाळे तिथल्या कांबळवाडीचा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) त्याने ४५१.४ गुणांनी कांस्य घेतलं. पुढे कोल्हापूर आलं की मी तेजस्विनी सावंतची २०१० ची म्युनिक सांगते, प्रोनमधलं, म्हणजे पालथं पडून नेमबाजीचं, विश्वविजेतेपद. घाट असा सरतो.

.२२ ची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमच्या आसपास, आणि स्पर्धेची काडतुसं तिला सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या जवळपास वेग देतात. आवाजाच्या वेगाच्या मुद्दाम खाली. पन्नास मीटरवर ती सुमारे तेरा सेंटिमीटर पडते. दोन गोळ्यांच्या वेगात पाच मीटरचा फरक असेल तर उंचीत चार मिलिमीटरचा फरक; इथे एक कडं आठ मिलिमीटरचं, म्हणजे अर्धा गुण गेला. देवगडची समुद्रसपाटी आणि बालेवाडीची साडेपाचशे मीटर उंची यांतल्या विरळ हवेने झिरो बदलेल म्हणून आम्ही पहिल्या खेपेला धास्तावलो होतो. हिशेब केला तर पन्नास मीटरवर मिलिमीटरसुद्धा भरत नाही. डिसेंबरच्या सकाळी गार पडलेल्या काडतुसांनी आणि दुपारी उन्हात तापलेल्या डब्याने त्याहून जास्त फरक पडतो. डबा सावलीत ठेवा, एवढंच.

काडतुसांचे लॉट (बॅच) छर्र्यांसारखेच तपासायचे, फक्त खर्च छातीत धडकी भरवणारा. लॉट ठरला की मगच बॅरलच्या तोंडावरच्या ट्यूनरला हात लावा. ट्यूनर म्हणजे पुढे-मागे सरकणारं वजन. गोळी सुटताना बॅरलचं तोंड वर-खाली थरथरतं. वजन अशा जागी आणायचं की गोळ्या बाहेर पडताना तोंड वर जात असेल. मग वेगवान गोळी आधी, म्हणजे तोंड थोडं खाली असताना सुटते. मंद गोळी क्षणभर उशिरा, तोंड वर असताना. मंद गोळी जास्त पडणार होती, तिला वर फेकून भरपाई झाली. म्हणून ट्यूनर जुळवताना ग्रुपची रुंदी बघायची नाही, फक्त उंची. वारा नसलेली सकाळ, एक टप्पा, दहा गोळ्या, पुढचा टप्पा. पाच-सहा टप्प्यांनंतर उंची आकसलेली दिसते, तिथे परत येऊन आणखी वीस मारून खात्री करा. लॉट बदलला की हे पुन्हा.

आणि वारा. इथे आमची पोरं घाटावरच्यांना ऐकत नाहीत, कारण खारा वारा दुपारी आत येतो आणि मतलई रात्री बाहेर जातो, हे त्यांना चालायला लागल्यापासून माहीत. आडवा वारा सेकंदाला एक मीटर असेल तर .२२ ची गोळी पन्नास मीटरवर सातेक मिलिमीटर सरकते, जवळजवळ एक कडं. एक मीटर म्हणजे गालाला जेमतेम कळणारी झुळूक. जोरदार काडतूस वापरलं तर वारा कमी लागेल, असं सगळ्यांना वाटतं. होतं उलट. आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा अडथळा एकदम वाढतो, वेगवान गोळी तिथे जास्त मार खाते आणि वाऱ्याने जास्त सरकते.

सरकणं नुसतं आडवंही नसतं. बॅरलच्या आतले पिळाचे आटे उजव्या हाताचे असतील, आणि बहुतेकांचे असतात, तर उजवीकडून आलेला वारा गोळीला डावीकडे आणि थोडं वर नेतो; डावीकडचा उजवीकडे आणि थोडं खाली. घड्याळातल्या दहा ते चारच्या तिरप्या रेघेवर. टार्गेटवर अशी तिरपी रांग दिसली तर श्वासाला दोष देण्याआधी झेंडे बघा.

पन्नास मीटरच्या रेंजवर ते झेंडे दहा आणि तीस मीटरवर असतात, ५० बाय ४०० मिमीच्या कापडी पट्ट्या. तशाच पट्ट्या मी जुन्या सुती ओढणीतून कापल्या. पवनचक्क्यांच्या बाजूला सड्यावर त्या बांबूला लावून आम्ही दुपारी चारला बसतो. रायफल घरी. पुतणी पट्टी बघून वाऱ्याचा अंदाज बोलते, मी हातातला वाऱ्याचा मीटर वाचते, दोन्ही आकडे वहीत. पहिल्या दिवशी ती दुपटीने चुकत होती. आता पंधरातले अकरा-बारा अंदाज अर्ध्या मीटरच्या आत येतात. माडाच्या झावळ्यांवर भरवसा ठेवू नका, त्या जड. वारा पडल्यावरही हलत राहतात. सुरूची पालवी लवकर बोलते. आणि दोन पट्ट्या दोन दिशांना उडत असतील तर दहा मीटरवरचीला जास्त मान द्या, कारण सुरुवातीलाच वळलेली गोळी उरलेलं सगळं अंतर वळलेलीच जाते.

फेब्रुवारीच्या शेवटी पहिल्या पेट्या शेडमध्ये यायला लागतात. तेव्हा टार्गेटची पेटी उचलायची, वाळू चाळून छर्रे वेगळे करून जड डब्यात भरायचे, कवडशाच्या कौलावरचं गोणपाट काढायचं, कारण आंबा बघायला उजेड लागतो. इंजिन ब्लॉक तिथेच राहतो, तो आता कुणी हलवत नाही; सासरे त्यावर बसून देठ कापतात. रायफल कपाटात, सिलिंडर वेगळा, थोडी हवा आत ठेवून. पुतणीने मागच्या वर्षी कपाट बंद करण्याआधी सगळ्या मोरपंखी रेघांचा फोटो काढला आणि खाली तारीख लिहिली. जूनमध्ये उघडलं तेव्हा पुढच्या बोगद्याची रेघ अर्धा मिलिमीटर सरकलेली होती.